गेम मध्येच बंद पडतो? फॉरमॅट करण्यापूर्वी साउंड ड्रायव्हर तपासा

परीक्षा आटोपल्या, की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरीच्या संगणकांचे काम एकदम वाढते. वर्षभर टॅली, शाळेचे प्रकल्प आणि रेल्वेचे आरक्षण एवढ्यावर निभावणारे यंत्र दिवसातून पाच-सहा तास गेम चालवू लागते आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. गेम सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चालतो, मग आवाज एकाच जागी अडकून कर्कश होतो, चित्र गोठते आणि संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होतो. कधी निळा पडदाही येत नाही. गेम मुकाट्याने बंद होतो आणि समोर डेस्कटॉप उरतो. घरी बोलावलेल्या तंत्रज्ञाचे निदान बहुतेक वेळा ठरलेले असते : 'विंडोज करप्ट झाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल.'

या सल्ल्याची किंमत केवळ तंत्रज्ञाच्या फीइतकी नसते. सी ड्राइव्ह पुसला गेला, की डेस्कटॉपवर ठेवलेली लग्नाची छायाचित्रे, 'माय डॉक्युमेंट्स'मधील कागदपत्रे आणि त्याच ड्राइव्हवर असेल तर टॅलीचा हिशेबही जातो. बॅकअप घेतला आहे का, असे विचारणारे तंत्रज्ञ आहेत, पण न विचारणारेही पुष्कळ आहेत. एवढे करून दुखणे ध्वनीच्या ड्रायव्हरचे असेल, तर नव्याने घातलेल्या विंडोजवर तोच जुना ड्रायव्हर पुन्हा चढतो आणि चार दिवसांनी गेम पुन्हा त्याच जागी बंद पडतो. म्हणून फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी अर्धा तास खर्च करून काही गोष्टी आपल्या आपण तपासणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही आणि संगणक उघडावाही लागत नाही.

आवाज येतो कसा?

गेममधील गोळीचा किंवा मोटारीचा आवाज थेट स्पीकरपर्यंत जात नाही. गेम तो विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेकडे सोपवतो, विंडोज तो ड्रायव्हरकडे देते आणि ड्रायव्हर तो मदरबोर्डवरील ध्वनीच्या चिपला समजेल अशा स्वरूपात स्मृतीच्या एका छोट्या भागात भरून ठेवतो. या भागाला बफर म्हणतात. मुंबईकराला बफर समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. इमारतीच्या गच्चीवरची टाकी तेच काम करते. पालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, नळ मात्र दिवसभर चालतो. पंप वेळेवर सुरू झाला नाही, की नळ फुरफुरू लागतो. ध्वनीची चिप हा सतत उघडा असलेला नळ आहे आणि ड्रायव्हर हा पंप चालवणारा माणूस. त्याला दर काही मिलिसेकंदांनी टाकी भरावी लागते. उशीर झाला तर आवाज तडकतो. त्याने चुकून शेजारच्या टाकीत, म्हणजे स्मृतीच्या भलत्याच भागात पाणी सोडले, तर मात्र सारा संगणक कोसळतो.

सारा संगणक का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वर्ड किंवा ब्राउझर बिघडला तर फक्त तेवढाच बंद होतो. ड्रायव्हरचे तसे नाही. त्याचा महत्त्वाचा भाग विंडोजच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तेथे चालतो आणि तेथे चालणाऱ्याला सर्व स्मृती मोकळी असते. तेथील चूक सावरण्याची सोय नसल्याने विंडोज आणखी नुकसान होऊ नये म्हणून स्वतःच थांबते. निळा पडदा तो हाच. त्याच्यावर 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' अशी शब्दावली असेल, तर एखादा ड्रायव्हर अवेळी अयोग्य जागी हात घालत होता, असा त्याचा साधारण अर्थ घ्यावा.

अडकलेला आवाज हा पुरावा नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी अनेक जण भलत्याच दुरुस्तीवर पैसे घालवतात. संगणक गोठताना आवाज 'टर्रर्र' करत एकाच ठिकाणी फिरत राहतो, म्हणून दोष आवाजाचाच असणार, असे वाटते. प्रत्यक्षात ध्वनीची चिप बफरमधील मजकूर प्रोसेसरला न विचारता स्वतः वाचते. संगणक कोणत्याही कारणाने गोठला, तरी ती वाचतच राहते आणि नवा मजकूर भरणारा कोणी नसल्याने शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते. ग्राफिक्स कार्ड तापले, पॉवर सप्लाय कमजोर पडला, रॅम सदोष असली, तरी हाच आवाज येतो. मे महिन्यात पोटमाळ्यावरच्या सायबर कॅफेत, पंख्याखाली ओळीने मांडलेल्या बंदिस्त कॅबिनेटमध्ये गेम गोठत असतील, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

मग खरे कारण ओळखायचे कसे? सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे आवाज पूर्णपणे बंद करून पाहणे. स्पीकरचे बटण फिरवून नव्हे. त्याने ड्रायव्हरला काहीच फरक पडत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यातील 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या शीर्षकाखालील ध्वनीच्या उपकरणावर उजवे क्लिक करून 'डिसेबल' निवडा. त्यानंतर नेहमी जेथे बंद पडतो तोच गेम, त्याच ठिकाणी, तेवढाच वेळ खेळा. मुका गेम तासभर विनातक्रार चालला, तर ध्वनीच्या ड्रायव्हरवरील संशय बळकट होतो. तरीही बंद पडला, तर ध्वनीला सोडून ग्राफिक्स, उष्णता आणि वीजपुरवठा यांच्याकडे वळावे. एक पथ्य मात्र लक्षात ठेवा. काही गेम ध्वनीचे उपकरणच सापडले नाही, तर सुरू होण्यास नकार देतात. गेम पहिल्याच क्षणी बंद झाला, तर ही परीक्षा त्या गेमपुरती निरुपयोगी समजून दुसऱ्या गेमवर करून पाहावी.

दुसरा पुरावा विंडोज स्वतःच नोंदवून ठेवते. विंडोज १० आणि ११ मध्ये स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असे टाइप केले, की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. त्यात तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी काही कोसळले, त्या दिवसाखाली लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून तपशील उघडल्यास 'फॉल्टिंग मोड्यूल नेम' अशी एक ओळ मिळते. तेथील फाइलच्या नावाची पहिली अक्षरे पाहावीत. 'आरटीके' असतील तर रिअलटेक, 'आयएनटीसी' असतील तर इंटेल, 'सीटी' असतील तर बहुधा क्रिएटिव्ह. 'एनव्हीएचडीए' हा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावरील ध्वनीचा ड्रायव्हर, तर 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हा त्याच कार्डाच्या चित्राचा. शेवटची दोन नावे दिसायला सारखी असली, तरी दुखणी संपूर्ण वेगळी आहेत. निळा पडदा आला असेल, तर त्याच्याच खालच्या ओळीत अशा फाइलचे नाव अनेकदा दिलेले असते. मोबाइलने तेवढे छायाचित्र काढून ठेवले, तर तंत्रज्ञाशी बोलताना उपयोगी पडते.

लॅमिंग्टन रोडवरून आलेले दुखणे

उपनगरांतील संगणकांना हा विकार इतका का जडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले आणि गेमच्या दुनियेत तेच प्रमाण ठरले. डॉसच्या काळात गेमला कार्डाचा पत्ता स्वतः सांगावा लागे. पोर्ट २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १ हे आकडे त्या पिढीतील मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते. इंटरप्ट ७ हा प्रिंटरच्या पोर्टचाही असे. दोघांची गाठ पडली, की गेमच्या पहिल्याच आवाजाला संगणक थिजे. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणले आणि हे आकडे लावण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. भांडणे मात्र संपली नाहीत, ती फक्त डोळ्यांआड झाली.

१९९७ मध्ये इंटेलने एसी९७ हे प्रमाण जाहीर केले आणि ध्वनीची स्वस्त चिप मदरबोर्डवरच बसू लागली. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन जोडलेले असेम्बल्ड संगणक लोकलने उपनगरांत येत, त्यांत वेगळे साउंड कार्ड घेण्याची गरज उरली नाही. दीड-दोन हजार रुपये वाचले, याचा आनंद मोठा होता. पण ऑनबोर्ड चिपमध्ये पूर्वी कार्ड करीत असलेले बरेचसे काम ड्रायव्हरवर, म्हणजे पर्यायाने प्रोसेसरवर आले. चिप रिअलटेकची, सी-मीडियाची की व्हियाची, हे ग्राहकाला ठाऊक नसे. मदरबोर्डसोबत आलेली सीडी दोन वर्षांत हरवलेली असे आणि तंत्रज्ञाच्या पिशवीतील एकाच सीडीवरचा 'चालून जाईल' असा ड्रायव्हर सर्वांना घातला जाई. त्याने गाणी वाजत, चित्रपट चालत. गेममध्ये मात्र एकाच वेळी पंधरा-वीस आवाज मिसळावे लागतात आणि तेथे त्याचा पाय घसरे.

महागडे कार्ड घेतलेल्यांचीही सुटका नव्हती. २००१ मध्ये व्हियाच्या ६८६बी या चिपचे मदरबोर्ड आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड यांचे जमेना. आवाज तडकण्यापर्यंत ठीक होते, पण हार्ड डिस्कवर मोठ्या फाइल उतरवताना मजकूरच बिघडू लागला. शेवटी व्हियाला त्यावर पॅच काढावा लागला आणि मदरबोर्ड उत्पादकांना बायोस सुधारावे लागले. ध्वनीच्या कार्डापायी हिशेबाच्या फाइल खराब होऊ शकतात, हे त्या वेळी पुष्कळांना पटत नव्हते.

खरा फेरबदल झाला तो २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आल्यावर. ध्वनीच्या ड्रायव्हरमुळे कोसळणारी विंडोज ही मायक्रोसॉफ्टची जुनी डोकेदुखी होती. व्हिस्टामध्ये ध्वनिव्यवस्थेचा मोठा भाग कर्नेलमधून बाहेर काढण्यात आला आणि गेमना कार्डाशी थेट बोलण्याची डायरेक्टसाउंडची जुनी वाट बंद झाली. निळे पडदे कमी झाले, हे खरे. पण त्याच वाटेने जाणारे क्रिएटिव्हचे ईएएक्स हे तंत्र, ज्यामुळे गुहेतील पावलांचा प्रतिध्वनी आणि मैदानातील पावलांचा आवाज वेगळा ऐकू येई, ते एका रात्रीत मुके झाले. कंपनीने अल्केमी नावाचा दुभाषा काढला, पण व्हिस्टासाठीच्या तिच्या ड्रायव्हरांत अनेक सोयी गायब होत्या. ब्राझीलमधील 'डॅनियल के' या टोपणनावाच्या एका हौशी तंत्रज्ञाने त्या सोयी परत आणणारे सुधारित ड्रायव्हर तयार करून वाटले. २००८ च्या मार्चमध्ये कंपनीने त्याला जाहीरपणे थांबण्यास सांगितले. आपले तंत्रज्ञान वापरून तो देणग्या मागतो, असा तिचा आक्षेप होता. कायद्याने कंपनीची बाजू चुकीची नसेलही, पण स्वतःच्या पैशाने कार्ड घेतलेल्या ग्राहकांचा रोष असा उसळला, की तिची भूमिका मवाळ झाली. ड्रायव्हर ही वस्तू यंत्रासोबत फुकट मिळणारी सीडी नसून यंत्राचा अर्धा भाग आहे, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवले.

उपाय : आधी मागे, मग पुढे

संशय ध्वनीवर पक्का झाला, तर पहिला प्रश्न असा विचारावा : हे कधीपासून सुरू झाले? एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाले असेल, तर नवा ड्रायव्हर शोधण्यापूर्वी जुन्यावर परत जावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या उपकरणाचे 'प्रॉपर्टीज' उघडून 'ड्रायव्हर' या भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते पुसट असेल, तर विंडोजकडे जुनी प्रत नाही.

तेव्हा नव्याने घालावे. त्यापूर्वी सिस्टिम रिस्टोअरचा एक पॉइंट तयार करावा, म्हणजे काही चुकले तर परतीचा मार्ग राहतो. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडताना ड्रायव्हरची फाइलही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नये. ती नसेल तर संगणक पुन्हा सुरू होताच विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर परत बसवते. हे काम चालू असताना इंटरनेट बंद ठेवलेले बरे. आणि संगणक 'शट डाउन' न करता 'रिस्टार्ट' करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावर कर्नेल पूर्ण बंद होत नाही, गोठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उघडतो. 'रात्रभर बंद ठेवला तरी तेच' ही तक्रार पुष्कळदा यातून येते.

ड्रायव्हर कोठून घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे. लॅपटॉप असेल तर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, असेम्बल्ड असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून. मॉडेलचा क्रमांक मदरबोर्डवर छापलेला असतो. कॅबिनेट उघडायचे नसेल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये तो बहुधा मिळतो. बोर्ड अनोळखी असेल, तर डिव्हाइस मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' पाहावेत. त्यात 'व्हीईएन'नंतर चार अक्षरांचा संकेत असतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह, ११०६ म्हणजे व्हिया, १३एफ६ म्हणजे सी-मीडिया. एका क्लिकमध्ये सर्व ड्रायव्हर अद्ययावत करून देण्याची जाहिरात करणारे कार्यक्रम मात्र घेऊ नयेत. त्यांतील अनेक आधी घाबरवतात, मग पैसे मागतात आणि चिपच्या जवळपासचा कोणताही ड्रायव्हर आणून बसवतात. पिशवीतल्या त्या सीडीचाच हा नवा अवतार आहे.

उत्पादकाचा ड्रायव्हर कितीही घातला तरी गेम बंद पडतोच आहे, अशा वेळी एक उपाय फारसा कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा साधा ड्रायव्हर असतो. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' आणि मग 'लेट मी पिक' निवडून यादीतील 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' घ्यावा. इक्वलायझर, आभासी सराउंड वगैरे झगमगाट जातो. पण गेमला त्यांची गरज नसते. २००४ नंतरच्या इंटेल एचडी ऑडिओ पद्धतीच्या बहुतेक चिपांवर तो चालतो. हाच उपाय आधी करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण यामुळे काही बिघडत नाही आणि पाच मिनिटांत निकाल लागतो.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे येथे सांगण्याजोगी आहेत. विंडोज ११ आल्यावर इंटेलच्या ११व्या पिढीचे प्रोसेसर असलेल्या काही संगणकांवर इंटेल स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर निळा पडदा दाखवू लागला. दोषी आवृत्त्यांचे क्रमांक १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ होते आणि दोन्ही मालिकांत ५७१४ वर संपणारी आवृत्ती दुरुस्त होती. मौज अशी, की १०.३० ही मालिका १०.२९ पेक्षा नवी नव्हती. आकडा मोठा म्हणजे ड्रायव्हर नवा, हा समज येथे उपयोगाचा नव्हता. दुसरे उदाहरण जानेवारी २०२५ चे. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनंतर जुन्या यूएसबी १.० पद्धतीचा ड्रायव्हर वापरणारी काही बाह्य ध्वनियंत्रे 'कोड १०' दाखवून बंद पडली. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली, पण तोवर कित्येकांनी आपले यंत्र जळाले, असे समजून नवे घेतले असल्यास आश्चर्य नाही. यंत्र टाकून देण्यापूर्वी दुसऱ्या संगणकाला लावून पाहणे, एवढी एक खबरदारी पुरेशी होती.

ड्रायव्हर चांगला, सेटिंग वाईट

काही वेळा ड्रायव्हर निर्दोष असतो आणि त्याच्याभोवतीचा पसारा त्रास देतो. गेमिंगच्या मदरबोर्डांसोबत आणि लॅपटॉपांसोबत नाहिमिक, सोनिक स्टुडिओ अशी ध्वनी सजवणारी सॉफ्टवेअर येतात. शत्रूच्या पावलांची दिशा पडद्यावर दाखवण्यासारख्या करामतींसाठी ती चालू गेमच्या आत शिरतात आणि काही गेमना ते सोसत नाही. गेम सुरू होताच बंद पडत असेल आणि नोंदीत ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव नसेल, तर ही सॉफ्टवेअर काढून पाहावीत.

'साउंड'च्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये आपल्या स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' या भागात नमुना-दर असतो. उत्साहाच्या भरात तो २४ बिट, १,९२,००० हर्ट्झवर नेऊन ठेवणारे अनेक जण आहेत. जुन्या गेमांची कल्पना तेथवर पोहोचलेली नसते. तो १६ बिट, ४८,००० किंवा ४४,१०० हर्ट्झवर आणावा. कानाला फरक कळत नाही. तेथेच 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची चौकट आहे. गेमसोबत मित्रांशी बोलण्याचे सॉफ्टवेअर चालू असेल आणि दोघांत उपकरणावरून ओढाताण होत असेल, तर तिची खूण काढून पाहावी. ध्वनीची 'एन्हान्समेंट्स'ही तात्पुरती बंद करावीत.

मुंबईच्या हवेचे म्हणून एक दुखणे वेगळे सांगितले पाहिजे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा हेडफोनचा जॅक धुळीने आणि पावसाळ्यातील दमटपणाने खराब होतो. मग ड्रायव्हरला दर थोड्या वेळाने वाटते, की कोणी तरी हेडफोन काढला आणि पुन्हा लावला. रिअलटेकच्या जुन्या व्यवस्थापकाची खिडकी अशा प्रत्येक वेळी समोर येते आणि पूर्ण पडद्यावर चाललेला गेम खाली फेकला जातो. गेम क्रॅश झाला, असे खेळणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो मागे जिवंत असतो, काही गेम मात्र या धक्क्याने खरोखरच कोसळतात. रिअलटेकच्या व्यवस्थापकात जोडणीच्या सेटिंगमध्ये पुढच्या जॅकची दखल बंद करण्याचा आणि खिडकी आपोआप न उघडण्याचा पर्याय असतो. दोन्ही वापरावेत आणि हेडफोन मागच्या जॅकला लावावा. मागे वाकण्याचा कंटाळा येतो, हे मान्य.

एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरची गंमत निराळी. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सोबत स्वतःचे ध्वनीचे उपकरण घेऊन येतो आणि अपडेटनंतर कधी कधी तेच मुख्य होऊन बसते. मॉनिटरला स्पीकरच नसेल तर आवाज जातो आणि मॉनिटर झोपी गेला, की उपकरणच नाहीसे होते. चालू गेमच्या पायाखालची सतरंजी अशी ओढली गेली, तर तो पडणारच. ते उपकरण वापरात नसेल, तर 'डिसेबल' करून टाकावे.

विजेबद्दल दोन शब्द. मुंबई उपनगरांत एकच वीजकंपनी नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानीची वीज आहे, तर मुलुंड-भांडुप महावितरणकडे. राज्यातील भारनियमनाच्या वर्षांत मुलुंडकरांनी यूपीएसचे महत्त्व बाकीच्या मुंबईच्या आधी ओळखले. ड्रायव्हर किंवा बायोस घालताना वीज गेली, तर अर्धवट उतरलेली फाइल पुढे महिनाभर छळते. हे काम यूपीएसवर किंवा लॅपटॉप असल्यास चार्जर लावून करावे.

जुने संगणक, जुने गेम

विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये काढून घेतला, तरी केवळ जुन्या गेमांसाठी असा संगणक कोपऱ्यात जपून ठेवणारी घरे आहेत. त्याला इंटरनेट जोडू नये, हे पहिले. त्यात 'रन'मध्ये डीएक्सडायग चालवून 'साउंड' या भागात गेले, की ध्वनीच्या हार्डवेअर गतिवर्धनाची सरकपट्टी दिसते. ती 'फुल'वरून 'बेसिक'वर आणली, की बरेच गेम बंद पडायचे थांबतात. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या ऑडिओ सेटिंगमध्ये ईएएक्स आणि ए३डी यांच्या दोन चौकटी आहेत. ऑनबोर्ड चिप असेल तर दोन्ही रिकाम्या ठेवाव्यात. एचडी ऑडिओची चिप आणि एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ असेल, तर मायक्रोसॉफ्टचा ८८८१११ क्रमांकाचा पॅच आधी घातल्याशिवाय रिअलटेकचा ड्रायव्हर चढतच नाही. व्हिस्टापासून पुढे ती सरकपट्टी उरलेली नाही, म्हणून नव्या संगणकावर ती शोधू नये.

'एमएसएस३२.डीएलएल सापडत नाही' हा संदेश सायबर कॅफेच्या काळातील मुलांच्या चांगलाच परिचयाचा असेल. तो ड्रायव्हरचा दोष नसतो. ही फाइल माइल्स साउंड सिस्टिम या, असंख्य गेमांनी वापरलेल्या ध्वनिसंचाची असते आणि ती विंडोजसोबत नव्हे तर गेमसोबत येते. एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून ती सुटी उतरवून घेणे धोक्याचे आहे. एक तर तिची आवृत्ती जुळत नाही आणि दुसरे म्हणजे तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो. गेम मूळ प्रतीवरून पुन्हा घालणे हाच त्यावरचा सरळ उपाय.

डॉसचे गेम नव्या विंडोजवर चालवायचे असतील, तर डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. ते संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करते आणि त्यात साउंड ब्लास्टर १६ ची हुबेहूब नक्कलही असते. गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडून पोर्ट २२०, इंटरप्ट ७ आणि डीएमए १ भरावे. इंटरप्ट ५ भरण्याची सवय ज्यांच्या हाताला आहे, त्यांनी एवढा एक आकडा लक्षात ठेवावा. डॉसबॉक्समध्ये मूळ नेमणूक ७ ची असते आणि ५ दिल्यास गेम आवाज तपासतानाच अडकून बसू शकतो.